एकाच बाटलीतले दोन भाऊ : मालवण किनाऱ्यावरचं यकृताच्या आजाराचं एक प्रकरण

मालवण तालुक्यातल्या एका किनारी गावचा ४६ वर्षांचा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख. ऑगस्टच्या मध्यावर घरच्यांनी त्याला दवाखान्यात आणलं तेव्हा डोळे गडद पिवळे होते, पोट पाण्याने ताणलेलं होतं, पायावर बोट दाबलं की खळगा पडत होता आणि अंगात बारीक ताप होता. दंड आणि मांड्या मात्र वाळलेल्या. सोबत बायको आणि धाकटा भाऊ. (ओळख पटू नये म्हणून काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत.)

तपासणी चालू असताना त्याने भावाकडे बघत विचारलं, "डॉक्टर, आमी दोगव एकाच बाटलेतली घेतंव. मगे ह्या माकाच कित्याक?" (आम्ही दोघं एकाच बाटलीतली घेतो. मग हे मलाच का?)

दारूने आजारी पडलेल्या जवळपास प्रत्येक माणसाच्या मनात हा प्रश्न असतो. आयुष्यभर पिऊनही धडधाकट राहिलेला एखादा म्हातारा प्रत्येक वाडीत असतो आणि त्याचा दाखला देत बाकीचे पीत राहतात. जास्त पिणाऱ्यांपैकी बहुतेक सगळ्यांच्या यकृतात चरबी साठते, पण सिरॉसिस, म्हणजे व्रण साठून यकृताची घडणच बिघडणं, होतो तो साधारण १० ते २० टक्के लोकांना. ते कोण, हे कशावरून ठरतं? या एका घरात ते बऱ्यापैकी स्पष्ट दिसलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

कावीळ उतरवण्यात गेलेले दिवस

यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. बोट किनाऱ्यावर ओढलेली, खलाशी आपापल्या गावी, जाळ्यांची डागडुजी दुपारपर्यंत आटोपलेली. एरवी संध्याकाळी सुरू होणारं पिणं या दोन महिन्यांत जेवणाच्या आधीच सुरू व्हायचं. जुलैच्या अखेरीस तांडेलची भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी पिवळी झाली. डोळे पिवळे दिसल्यावर घरच्यांनी इथे सगळे करतात तेच केलं. कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. गळ्यात माळ, सकाळी अनशापोटी पाल्याचा रस आणि कडक पथ्य. तेल नाही, हळद नाही, मासे-अंडी तर नाहीतच.

"पंधरा दिस नुसती पेज आणि उसाचो रस," त्याची बायको सांगत होती. नवऱ्यासाठी तिने सगळं पथ्य मनापासून पाळलं होतं. त्यात तिचा काही दोष नव्हता, हे मी तिला तिथेच सांगितलं.

माळेवरचा विश्वास आला कुठून, हे समजून घ्यायला हवं. पावसाळ्यातली बरीचशी कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूची असते आणि बहुतेकांची ती काही आठवड्यांत आपोआप उतरते. माळ घातलेल्यालाही गुण येतो, न घातलेल्यालाही. दारूमुळे यकृताला सूज येऊन झालेली कावीळ अशी वाट बघून उतरत नाही. त्यात पंधरा दिवस प्रथिनं जवळपास बंद. आजारी यकृत साखरेचा साठा करू शकत नाही, त्यामुळे रात्रीच्या काही तासांच्या उपासातही शरीर स्वतःचे स्नायू तोडून गरज भागवतं. दंड वाळले होते ते त्यामुळे.

पाला कसला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. झाडपाल्याचं औषध निरुपद्रवी असतं ही समजूत फार खोल आहे. कोविडच्या काळात रोज गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. ज्याचं यकृत आधीच सुजलेलं आहे त्याला माहीत नसलेला कुठलाही रस देणं धोक्याचं आहे, मग देणारा कितीही सज्जन असो.

रिपोर्टनी काय सांगितलं

बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, १४.२. यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम, एएसटी १६८, एएलटी ६१. या दोन आकड्यांकडे नीट बघा. विषाणूच्या काविळीत हे आकडे बऱ्याचदा हजारांत जातात आणि एएलटी सहसा वरचढ असतं. दारूच्या काविळीत दोन्ही सहसा ४०० च्या आतच राहतात, पण एएसटी हे एएलटीच्या दीडपट-दुपटीहून जास्त असतं. तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होणारी ही साधी रक्ततपासणी जुलैअखेर झाली असती, तर दोन आठवडे वाचले असते.

बाकी, आयएनआर १.९ (रक्त गोठायला उशीर), यकृतात बनणारं प्रथिन अल्ब्युमिन २.६ (कमी), प्लेटलेट ९६,००० (कमी), पांढऱ्या पेशी १५,४०० (जास्त). हिपॅटायटिसचे विषाणू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निगेटिव्ह. उपाशीपोटी साखर १६८. मधुमेह आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बिलिरुबिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ यांवरून काढतात तो मॅड्री स्कोअर ५५ च्या वर आला. ३२ च्या पुढे आजार गंभीर धरतात आणि अशा रुग्णांत उपचारांविना महिन्याभरात तिनांतला एक दगावू शकतो.

बायकोने आणखी एक गोष्ट सांगितली. तो दिवसा झोपतो आणि रात्री जागा असतो. मी त्याच्या हातात नायलॉनची दोरी दिली आणि जाळं विणायची गाठ मारायला सांगितलं. लहानपणापासून डोळे मिटून मारलेली ती गाठ. पहिला वेढा घातला, दोरी बोटांत धरून तो थांबला, मग तोच वेढा पुन्हा घातला. तिसऱ्यांदा धाकट्या भावाने हळूच दोरी काढून घेतली. मेंदूवर अमोनियाचा परिणाम सुरू झाला होता. हा अमोनिया मुख्यतः आतड्यात तयार होतो आणि आजारी यकृत तो रक्तातून नीट काढू शकत नाही.

बाटली एक, हिशेब दोन

दोघा भावांना समोर बसवून आठवड्याचा हिशेब मांडला. क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे ७७ मिली. वजनात हे सुमारे ६१ ग्रॅम भरतं. थोरला रोज एक क्वार्टर घ्यायचा, आठवड्याला सव्वाचारशे ग्रॅमच्या वर. शिवाय बंदीच्या काळात दुपारची वेगळी, आणि हात थरथरतात म्हणून सकाळी अर्धा पेग. तो अर्धा पेग पथ्याच्या पंधरा दिवसांतही चालूच होता. धाकटा लिलाव आणि बर्फ-डिझेलचा हिशेब बघतो. तोही बसला की क्वार्टरच घ्यायचा, पण आठवड्यातून चार संध्याकाळी. त्याचे झाले अडीचशेच्या आसपास.

फॅटी लिव्हरचं वर्गीकरण २०२३ मध्ये नव्याने केलं गेलं. त्यानुसार पुरुषाने आठवड्याला ४२० ग्रॅमच्या वर अल्कोहोल घेतलं तर यकृताचा आजार सरळ दारूचा धरतात. २१० ते ४२० च्या मध्ये असेल आणि जोडीला पोटाचा घेर, साखर किंवा रक्तदाब यांतलं काही असेल, तर दोन्ही कारणांचा मिश्र आजार धरतात. काजूची दारू औषधी, माडी थंड, गोव्याची शुद्ध, हे सगळं यकृताला सारखंच. ते फक्त अल्कोहोलचे ग्रॅम मोजतं. गावठीच्या बाटलीवर तर टक्केवारीही नसते.

म्हणजे दोघं सारखी घेत होते हे खरं नव्हतं. पण पावणेदोन पटीच्या फरकाने एकाचं यकृत निकामी व्हावं आणि दुसरा ताठ उभा असावा, एवढं अंतर भरून निघत नाही. म्हणून बाटलीच्या आजूबाजूचं विचारलं.

थोरला रिकाम्या पोटी बसायचा. सोबत शेंगदाणे, फरसाण. जेवण रात्री अकराला, तेही दोन घास. बोटीवर असताना भात आणि पातळ कालवण, भाजी जवळपास नाहीच. गेल्या पाच-सहा वर्षांत पोट सुटलेलं. तंबाखू. छातीत जळजळ म्हणून मेडिकलमधून आणलेली गॅसची गोळी रोज सकाळी, कोणी लिहून न देता, वर्षानुवर्षं. कंबर दुखली की वेदनाशामक.

धाकट्याला बायको आधी जेवायला वाढायची. ती म्हणायची, जेवल्याशिवाय बाटली उघडायची नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी कुळथाची पिठी किंवा मासे आणि एखादी भाजी. अंगाने सडपातळ. दिवसभर बंदरावर पायी.

ब्रिटनमधल्या दारू घेणाऱ्या सुमारे ४ लाख स्त्रियांच्या अभ्यासात २०१९ मध्ये हेच दिसलं होतं. तेवढीच दारू रोज घेणाऱ्या आणि जेवणाव्यतिरिक्त घेणाऱ्या स्त्रियांना सिरॉसिसचा धोका जास्त होता. जेवणासोबत प्यायलं की चालतं, असा याचा अर्थ कोणी काढू नये. धाकट्याच्या यकृतातही चरबी निघालीच. पण थोरल्याच्या शरीरात दारूला साथ देणाऱ्या गोष्टी किती होत्या, ते या हिशेबात दिसतं.

आतड्याची भिंत

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येतं. आपण खातो-पितो त्यातलं बहुतेक सगळं, आणि आतड्यातल्या अब्जावधी जिवाणूंनी तयार केलेले पदार्थही, आधी यकृतापाशी पोचतात. निरोगी माणसात आतड्याच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि वर श्लेष्माचा थर असतो. त्यामुळे जिवाणू आतच राहतात.

दारू आणि दारूपासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड हे सांधे सैल करतात. तांडेलला समजावताना मी जाळ्याचंच उदाहरण घेतलं. जाळ्याचे आस (छिद्रं) मोठे झाले की जे अडायला हवं ते निसटतं. इथे निसटतात ते जिवाणूंच्या कवचाचे तुकडे, ज्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात. ते थेट यकृतात जातात. यकृतातल्या रक्षक पेशी त्यांना शत्रू समजून दाह सुरू करतात, आणि रोज संध्याकाळी तीच लढाई होत राहिली की जखमेचे व्रण साठत जातात. या व्रणांनी यकृताची घडणच बिघडली की त्याला सिरॉसिस म्हणतात.

कोणते जिवाणू आत आहेत यालाही महत्त्व आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दारूमुळे यकृताला गंभीर सूज आलेल्या रुग्णाच्या विष्ठेतले जिवाणू एका गटातल्या उंदरांना दिले. तेवढीच दारू पिणाऱ्या, पण यकृत फारसं न बिघडलेल्या माणसाचे जिवाणू दुसऱ्या गटाला दिले. मग दोन्ही गटांना दारू दिली. पहिल्या गटाचं यकृत जास्त बिघडलं. तांडेलने विचारलेल्या प्रश्नाला याहून जवळचं उत्तर मला माहीत नाही. एकाच बाटलीतली दारू दोन वेगवेगळ्या आतड्यांत पडते.

२०१९ मध्ये यातला एक जिवाणू नेमका सापडला. एंटेरोकॉकस फीकॅलिस हा आतड्यात एरवीही थोडाफार असतो, पण त्याचे काही प्रकार सायटोलायसिन नावाचं विष सोडतात, आणि ते यकृताच्या पेशी मारतं. ज्या रुग्णांत हे विष सोडणारा प्रकार होता त्यांचा मृत्युदर खूप जास्त निघाला.

गॅसच्या गोळीचा मुद्दा इथे येतो. पोटातलं आम्ल तोंडावाटे जाणारे बरेच जिवाणू मारतं. २०१७ च्या एका संशोधनात आम्ल दाबल्यावर उंदरांच्या आतड्यात एंटेरोकॉकस फोफावला आणि दारूने होणारी यकृताची इजा वाढली. दारू पिणाऱ्या रुग्णांच्या नोंदींतही या गोळ्या घेणाऱ्यांत आजार जास्त दिसला. अल्सर किंवा रक्तस्रावासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पण दारूने होणारी जळजळ दाबायला ती वर्षानुवर्षं घेणं म्हणजे दारू पीत राहण्याची सोय करून घेणं आहे. दर महिन्याला तोच माणूस तीच पट्टी न्यायला येतो, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने एक प्रश्न विचारावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पोटाची चरबी आणि साखर हीदेखील दारूशिवाय यकृतात चरबी साठवतात. दोन्ही एकत्र आले की परिणाम नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. पीएनपीएलए३ जनुकाचा एक प्रकारही धोका वाढवतो. सख्ख्या भावांतही तो एकात असू शकतो, दुसऱ्यात नसू शकतो. या घरात ती तपासणी केली नाही. उपचार त्याने बदलले नसते.

उपचार

पोटातलं पाणी काढून तपासलं. जंतुसंसर्ग नव्हता. इकडचे बहुतेक गंभीर रुग्ण जातात तसा तोही गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेला. तिथे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ४० मिलीग्रॅम सुरू झालं. हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही. सात दिवसांनी बिलिरुबिन किती उतरलं यावरून लिल स्कोअर काढतात आणि तो ०.४५ च्या वर असेल तर औषध बंद करतात. त्याचा ०.३ आला, म्हणून चार आठवडे पुरे केले. दारू एकदम सुटल्यावर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्यासाठी लोरॅझेपाम, आणि सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी बी१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. हे दुसरं स्वस्त आहे आणि मेंदू वाचवतं.

अमोनियासाठी लॅक्टुलोजचं सिरप. ते आतड्यात आम्लता वाढवून अमोनिया अडकवतं आणि बाहेर काढतं. दिवसाला दोन-तीन मऊ शौच व्हायला हवेत, तेवढाच डोस. घरी गेल्यावर "जुलाब होतात" म्हणून हेच औषध सगळ्यात आधी बंद केलं जातं आणि रुग्ण पुन्हा बेशुद्ध होऊन येतो. म्हणून त्याच्या बायकोला डोस कमी-जास्त करायला शिकवलं. दहाव्या दिवशी तांडेलने बेडवर बसून गाठ मारून दाखवली.

चांगले जिवाणू बाहेरून देता येतील का, हे भावाने विचारलं. दिल्लीच्या आयएलबीएस या यकृताच्या आजारांच्या संस्थेत स्टेरॉइड देता येत नव्हतं अशा आठ रुग्णांवर निरोगी माणसाच्या विष्ठेतल्या जिवाणूंचं रोपण केल्याचा अहवाल २०१७ मध्ये आला होता आणि निकाल आशादायक होते. पण अजून हा रोजच्या वापरातला उपचार नाही. दुकानात मिळणाऱ्या प्रोबायोटिकच्या कॅप्सूलवर पैसे खर्च करण्यापेक्षा ते अंड्यांवर खर्च करा, असं मी सांगितलं.

ताट

घरी आल्यावर सगळ्यात मोठी लढाई ताटाशी होती. कावीळ म्हणजे मासे बंद, हे मनातून काढायला वेळ लागला. सुकं वजन ७० किलो धरलं तर त्याला रोज ८५ ते १०५ ग्रॅम प्रथिनं हवी होती. शंभर ग्रॅम माशात साधारण २०, एका अंड्यात ६, वाटीभर पिठीला लागणाऱ्या ३० ग्रॅम कुळथात साडेसहा. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, आणि झोपण्याआधी पेज-अंडं किंवा नाचणीची आंबील, म्हणजे रात्रीच्या उपासात स्नायू तुटत नाहीत. कुळीथ, नाचणी, भाज्या यांतला चोथा मोठ्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं अन्न आहे. त्यापासून ते ब्युटिरेट बनवतात आणि त्यावर आतड्याच्या भिंतीच्या पेशी जगतात. सोलकढीने यकृत बरं होतं, असा पुरावा नाही. आवडते म्हणून बेताच्या मिठाची घ्यावी.

मीठ मात्र कडक. पोटात पाणी असताना दिवसाला ५ ग्रॅमच्या वर मीठ चालत नाही आणि आपल्याकडे पावसाळ्यात सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, लोणचं यांवरच दिवस निघतात. एका खाऱ्या बांगड्याने पोटातलं पाणी उतरवणाऱ्या आठवड्याच्या गोळ्यांवर पाणी पडतं. त्या घरातली खाऱ्याची बरणी त्याच्या बायकोने शेजारी देऊन टाकली.

दारू सुटली ती तरीही आपोआप सुटली नाही. बेल्जियममधल्या २०१४ च्या एका अभ्यासात, दारू सोडल्यावर आतड्याची गळती सुमारे तीन आठवड्यांत सुधारली, पण ज्यांचे जिवाणू बिघडलेले होते त्यांच्यात उदासी, चिंता आणि पिण्याची ओढ जास्त राहिली. म्हणजे ही ओढ केवळ मनाचा कमकुवतपणा नाही, आणि रुग्णाला रागावून ती जात नाही. दारू सोडवण्यासाठीचं डायसल्फिराम यकृताच्या आजारात देत नाहीत. मेंदूवरचा परिणाम पूर्ण उतरल्यावर पिण्याची ओढ कमी करणारं बॅक्लोफेन कमी डोसात सुरू केलं. जवळच्या गावात अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची सभा भरते, तिथे पहिले काही दिवस धाकटा भाऊ त्याला स्कूटरवरून घेऊन जायचा.

समुद्रावर परत

सहा महिन्यांनी बिलिरुबिन १.९, पोटातलं पाणी गोळ्यांवर आटोक्यात. सूज ओसरल्यावर केलेल्या फायब्रोस्कॅनमध्ये यकृताचा कडकपणा २४ किलोपास्कल आला. सुजेच्या काळात हा आकडा फसवा असतो, म्हणून थांबलो होतो. सिरॉसिस पक्का आहे. एंडोस्कोपीत अन्ननलिकेत मध्यम फुगलेल्या शिरा दिसल्या, त्यासाठी कार्व्हेडिलॉल चालू आहे.

पाण्यात कधी जाऊ, हे त्याचं रोजचं विचारणं. बोटीवर जायला आता हरकत नाही, पण एका अटीवर. खाऱ्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू असतो. निरोगी माणसाला तो सहसा काही करत नाही, सिरॉसिस असलेल्याला मात्र माशाच्या काट्याने झालेल्या जखमेतून किंवा कच्च्या कालवांतून शिरून एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. जाळं ओढताना हातमोजे, पायात गमबूट, कालवं-तिसऱ्या पूर्ण शिजवूनच. जखम लाल होऊन दुखायला लागली, ताप आला, की त्याच दिवशी किनारा गाठायचा आणि डॉक्टरला "मला सिरॉसिस आहे, जखम समुद्रातली आहे" हे आधी सांगायचं. हे वाक्य खलाशांनाही पाठ करायला लावलं आहे. वेदनाशामक गोळ्या बंद. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल, दिवसाला २ ग्रॅमच्या आत.

धाकट्याचा फायब्रोस्कॅन ७.२ आला, सोबत बरीच चरबी. तो आता आठवड्यातून एकदा घेतो. त्याला शून्यावर यायला सांगितलं आहे आणि तो नाही म्हणालेला नाही. थोरल्याची यकृताच्या कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी ठरली आहे. पुढची बंदी सुरू होण्याआधी मेच्या शेवटच्या आठवड्यात दोघं एकत्र येणार आहेत.